पिंजरा म्हणा हवं तर

मी माझ्या कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवते. लालबागच्या चाळीत, एका खोलीत, जिथे मी आणि माझी आई कूस बदलायची तरी एकमेकींना विचारून बदलतो. तिथे मी तो लोखंडी जाळीचा पिंजरा आणला, खाटेच्या पायथ्याशी भिंतीला लावून ठेवला, आणि अजून हलवलेला नाही.

"माणसाला पाय पसरायला जागा नाही नि कुत्र्याला बंगला," समोरच्या खोलीतले काका पहिल्याच दिवशी म्हणाले. पुढे त्याचं दार लागायला लागलं तेव्हा त्यांनीच त्या बंगल्याचा तुरुंग केला. "मुकं जनावर आहे गं. कोंडून ठेवतेस? पाप लागेल."

"काका, पाप माझं. मी बघून घेईन. तुमचा चहा गार होतोय."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला बरंच वाटलं.

ज्याचं जळतं त्याला कळतं. आमच्या चाळीचा गणपती विसर्जनाला निघतो तेव्हा एकाही खोलीचं दार लावत नाहीत. बाप्पाने जाताना बंद दार बघू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. कुत्रा घरी येऊन चार महिने झाले होते. मी त्याला पट्ट्याने खाटेच्या पायाला बांधलं, दार सताड उघडं टाकलं आणि सगळ्यांसारखी गॅलरीत जाऊन कठड्याला टेकले. शिकलेली बाई, लोअर परळच्या ऑफिसात दहा जणांना कामाला लावणारी, पण दार लोटून घ्यायची माझी छाती झाली नाही. लोक काय म्हणतील, दुसरं काय.

खाली फटाक्यांची माळ लागली. मी वळून बघितलं तर पट्टा खाटेपाशी पडलेला, गळ्यातल्या भागाचं बक्कल लावलेलंच. मान मागे ओढून तो निसटला होता. जिना मी कसा उतरले ते आठवत नाही. खाली ढोल, गुलाल आणि पायच पाय.

तीन दिवस. हिंदमातापर्यंतच्या एकेका साडीवाल्याला मी मोबाइलमधला फोटो दाखवला, माझा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. आई देवापुढे बसून राहिली, जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीतून हमालाचा फोन आला. फळ्यांच्या दोन थप्प्यांमधल्या फटीत तो अंग चोरून बसला होता. पुढचा पंजा फाटलेला. मला बघून त्याने शेपूटही हलवली नाही, नुसता कापत राहिला. मी तिथेच भुशात बसून रडले.

पायाला टाके घालता घालता जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरला की त्याला कोपरा लागतो. तुम्ही दिला नाहीत, त्याने शोधला. घरातच द्या ना." आणि त्यांनी मला पिंजऱ्याची सवय कशी लावायची ते समजावलं.

तेव्हा मला बाबांची रातपाळी आठवली. बाबा गिरणीत होते. सकाळी घरी यायचे, आणि त्यांना झोप मिळायला हवी म्हणून आई, आता पिंजरा आहे त्याच भिंतीच्या कोपऱ्यात, दोरीवर साडी दुहेरी करून सोडायची. आम्ही चार भावंडं त्या साडीच्या अलीकडे कुजबुजत अभ्यास करायचो. कुणी आलं की आई तोंडावर बोट ठेवून सांगायची, "हळू बोला. रातपाळीचो माणूस निजलो हा." त्या साडीला कधी कुणी तुरुंग म्हटलं नाही. एका खोलीत माणसं राहतात ती अशाच कोपऱ्यांच्या जिवावर. कुत्र्याने काय घोडं मारलंय?

तर पिंजरा आणला. त्यात तो ताठ उभा राहील, गिरकी घेईल, पाय ताणून झोपेल एवढा. खाली जुनी गोधडी. पहिले आठ दिवस दार सुतळीने बांधून उघडंच ठेवलं, आवाज होऊन दचकू नये म्हणून. जेवणाचं भांडं आधी उंबऱ्याशी, मग थोडं आत, मग पार मागे. नंतर दार लावलं ते माझा चहा पिऊन होईपर्यंत. मग आंघोळ होईपर्यंत. मग भाजी घेऊन येईपर्यंत. घाई केली नाही.

एकदा मात्र मी माती खाल्ली. त्याने माझी नवी चप्पल फाडली आणि मी रागाने त्याला आत ढकलून कडी लावली. तो चार दिवस पिंजऱ्याकडे फिरकला नाही. काकांना त्या दिवशी मला बोलायचा पूर्ण हक्क होता, नेमके तेव्हाच ते गावाला गेले होते. मी पुन्हा भांडं उंबऱ्याशी ठेवण्यापासून सुरुवात केली.

बाहेरच्यांचं मी मनावर घेतलं नाही. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, आपले कान झाकता येतात. पण आईचं लागायचं. "ह्या काय हाडलंस गो?" हे काय आणलंस, असं तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं. नंतर मी ऑफिसला निघताना ती पिंजऱ्याच्या कडीकडे बघायची. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याने एकदा पाकिटासकट चघळल्या होत्या, वेळेवर तोंडातून काढल्या म्हणून वाचला. स्टोव्हपाशी तो तिच्या पायात यायचा. हे सगळं तिला कळत होतं. तरी तिच्या मते मी मुलाला कोंडून जात होते. त्याला ती झील म्हणते, म्हणजे मुलगा.

पुढच्या वर्षी पुन्हा विसर्जन आलं. रीत म्हणून मी घराचं दार उघडं ठेवलं, पण पिंजऱ्याला कडी घातली, आत पाणी ठेवलं, आणि आईला बजावून आरतीला खाली गेले. शेवटची आरती संपली, आणि माळ लागली ती थेट आमच्या जिन्याखाली.

मी धावत वर आले. दार सताड उघडं. पिंजऱ्याची कडी काढलेली, त्याचंही दार उघडं. मी आईवर ओरडणार होते, तोंडात शब्द आला होता.

ती पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीयाच सोडलंय तेका. सणाचो दिवस म्हणून. आवाज झालो, तसो तो भायर जावक नाय. परत आत गेलो."

मी वाकून बघितलं. अगदी मागे, गोधडीत नाक खुपसून तो पडला होता. कापत होता, पण होता. उघड्या दोन दारांपलीकडे सगळी मुंबई होती, आणि तो घरात होता.

आईने कडी लावली. मग उठून ट्रंकेतली एक जुनी सुती साडी काढली, दुहेरी केली आणि पिंजऱ्यावर सोडली.

तेवढ्यात काका प्रसादाचं ताट घेऊन दारात आले. "काय गं, आजही तुरुंगातच का तुमचा कैदी?" त्यांचा आवाज मुळातच मोठा. मी उत्तर तयार ठेवलं होतं, वर्षभराचं साठलेलं.

आईने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "रातपाळीचो माणूस निजलो हा."