तीन राजे आणि दुर्री

लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानं मला काय शिकवलं म्हणाल, तर पत्ते. सांगायला लाज कसली? तो पुण्यात शिकायला होता, तिथं खोलीवरच्या मित्रांकडून ओमाहा नावाचा पोकर शिकून आला. दिवसभर देऊळघाटला मोबाईलच्या दुकानात बसायचा आणि घरी आला की फोनवर एक रंगीत तक्ता उघडायचा. पैसे लावून खेळत नव्हता, मित्रांमित्रांत नुसते गुण मांडायचे. पण अभ्यास असा, जसा काही तलाठ्याच्या परीक्षेला बसतोय. विहिरीवरची मोटरही त्याच फोनवरून चालू व्हायची, म्हणून मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्या फोनला तेवढ्यापुरता मान देत.

तक्त्यात घरंच घरं. हातात कोणते चार पत्ते आले तर काय करायचं, ते घराच्या रंगावरून कळे. हिरवं म्हणजे डाव वाढवा, पिवळं म्हणजे नुसती बरोबरी करा, लाल म्हणजे पत्ते टाका. पाठ व्हावं म्हणून तो फोन माझ्याकडे देई आणि म्हणे, विचार. मी कापसाची बोंडं फोडत बसलेली असे. हात पुसून विचारायची, "एक्का, राजा, राणी, गुलाम. दोन बदामाचे, दोन किलवरचे." तो म्हणे, "वाढवतो." मी बघायची, घर हिरवं.

विचारता विचारता मलाच पाठ झालं. त्याच्या आधी उत्तर माझ्या तोंडात येऊ लागलं. ते त्याला फारसं आवडत नव्हतं, हेही दिसत होतं.

एकदा तीन राजे आणि दुर्री निघाली. मी म्हटलं, "हे तं हिरवंच असन." निघालं लाल! भांडलेच मी. "तीन राजे फेकून द्याचे? तक्त्याचं डोकं फिरलं काय?"

"अवं, हातातल्या चारातले दोनच वापरता येतात, बाकीचे तीन टेबलावरचे," तो हसून म्हणाला. "तिसरा राजा तुह्याच हातात अडकून पडला, मंग टेबलावर कुठून येईन? दिसाले भारी, आतून फुसका."

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. टाकलेले पत्ते पुढे जिंकले असते असं दिसलं, तरी म्हणायचा, "टाकनं बरोबरच होतं. पत्ता वाईट पडला, निर्णय वाईट नव्हता." मला ते वाक्य फार आवडायचं. आमच्या घरात असं कोणी बोलतच नसे.

शेत मामाजींचं आणि शब्दही मामाजींचा. बीटी बियाणं आलं तेव्हा अळी कायमची गेली म्हणून गावानं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आता तीच अळी बीटी खाऊन लठ्ठ होत होती. मार्गशीर्षात वेचणी संपली तरी पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, हिरवी बोंडं लटकत होती. तेव्हा पाणी दिलं की आणखी थोडा कापूस निघतो, त्याला फरदड म्हणतात. सगळं गाव फरदड घ्यायचं. मी ओंजळभर बोंडं तोडून आणली आणि अंगणात मामाजींसमोर फोडली. ज्यात पाहावं त्यात गुलाबी अळी.

"मामाजी, हे तीन राजे हायेत. दिसाले भारी. पन पऱ्हाटी उपटून टाका. उभी ठेवली तं अळी वावरातच राहीन, पुढच्या साली पुन्हा खाईन."

"तीन राजे कोनी टाकते काय व माय?" आयुष्यभर पारावर तीन पत्ती खेळलेला माणूस, त्यांना हसूच आलं. पण अळ्यांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मजूर सांगून पऱ्हाटी उपटली आणि जाळली. सुनेच्या शब्दावर त्या घरात झालेलं ते पहिलं काम. त्या दिवशी मी भाकरी थापताना गात होते, खोटं कशाला बोलू.

आमच्या धुऱ्याबांधांपलीकडे मात्र चारी बाजूंनी लोकांनी फरदडीला पाणी सोडलं.

पुढच्या साली आमच्या पऱ्हाटीला फुलं आली ती गुंडाळलेलीच, तोंड मिटलेली. आत अळी. शेजारच्या वावरातून यायला तिला काय तिकीट लागतं? मामाजी शेजाऱ्यांसोबत अंगणात बसले होते. म्हणाले, "या लोकायले फरदड भेटली अन् अळी भेटली. आपल्याले नुसती अळी. सुनेच्या अकलेनं शेती केली, दुसरं काय होईन?"

मी दारात चहा घेऊन उभी. त्यांच्यातच बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. एकच वाक्य हवं होतं, त्याचंच, रोजचं. त्यानं माझ्या हातून कप घेतला. बशीत चहा ओतला, फुंकला, प्याला. मला अळीचा आला नाही तेवढा त्याचा राग आला. अजूनही येतो.

त्यानंतर बियाणं कोणतं घ्यायचं, वेचणी कधी लावायची, मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुन्हा मार्गशीर्ष आला, पुन्हा बोंडं लटकली. आता मामाजी फरदड घेणार, हे न बोलताच ठरलेलं होतं.

एका संध्याकाळी नवऱ्यानं फोन पुढे केला. "विचार ना."

"तीन राजे, दुर्री."

"टाकतो."

"अन् टाकल्यावर बाकीचेच जिंकले तं?"

"जिंकू दे. टाकनं बरोबरच होतं." पटकन म्हणाला, मानही वर केली नाही.

तेवढ्यात अंगणातून मामाजींचा आवाज आला. "लाइन आली व! मोटर लावा."

फोन माझ्याच हातात होता. मी तक्ता बंद केला, बटण दाबलं, आणि फरदडीला पाणी सुटलं.