लेकुरवाळीचा फोटो

'गप्.' चाळीसहून अधिक वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे. उथळ पाण्यात मरळ वर येते, हवेचा एक घोट घेते आणि खाली जाते, तेव्हाचा आवाज. बशीतला चहा ओढावा तसा.

मागच्या लेखाखाली बऱ्याच जणांनी विचारलं, की ऐंशीच्या आसपास तुम्ही साध्या कॅमेऱ्याने पाण्यातले मासे कसे टिपलेत, आणि ती जागा नेमकी कुठे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मनापासून देतो. दुसऱ्याचं देणार नाही. रागावलात तरी हरकत नाही, मी तेव्हापासून रागावलेलाच आहे.

माझ्याकडे होता गळ्यात अडकवायचा डबा-कॅमेरा. एका रोलवर बारा फोटो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा तळ कापून तिथे खिडकीची काच कडेने लांबी भरून पक्की बसवली होती. हा डबा पाण्यावर दाबून धरला की लाटा आणि चकाकी दोन्ही जातात, तळ आरशासारखा स्वच्छ दिसतो. जवळचं टिपायला बायकोच्या जुन्या चष्म्याचं भिंग कॅमेऱ्यासमोर चिकटवलं होतं, आणि अंतर मोजायला दोन वितींचा दोरा. ऊन बाजूने हवं. पाय रोवून उभं राहायचं, गाळ बसेपर्यंत हलायचं नाही. एवढंच.

श्रावणातल्या उघडिपीचा रविवार. नागपूरच्या धरमपेठेतून सकाळची बस धरून कामठी, विणकरांच्या मागांच्या खडखडाटात एका टपरीवर तर्रीपोहे, मग तासाच्या भाड्याची सायकल आणि कन्हानच्या काठाने पुढे. किती पुढे, ते सोडा. रस्ता मुरमाचा, टायर जपावेत. मी सायकलवर भुजंगप्रयात म्हणत जायचो, वृत्ताच्या ठेक्यावर पेडल. मी मराठीचा मास्तर, आणि वर्गात शिकवलेल्या कवितांमधली मासोळी कायम चंदेरी. खरी मरळ चिखलाच्या रंगाची असते, हे मला एकाही कवितेने सांगितलं नव्हतं.

ते मला अनसूयाबाईने दाखवलं. पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या गुडघाभर पाण्याशी ती जाळं सांधत बसली होती. ढिवराची, म्हणजे मासेमाराची बाई, माझ्याच वयाची.

"गुरुजी, डब्यात तोंड घालून काय पाहून राहिले जी?"

"मासे."

"मंग डब्यात काहून पाहता? मासे पान्यात रायते."

मी काच दाखवली तेव्हा ती हसली, आणि लव्हाळ्याकडे बोट केलं. पाण्यात केशरी ठिपक्यांचा एक ढग हलत होता, शेकडो पिल्लं. त्यांच्याखाली काळसर, हातभर लांब मरळ.

"लेकुरवाळी हाय ते. बापबी आसन इथंच. पोरं मोठी होत तवरोक जागा सोडत नाई. हात लावा, तरी नाई. म्हून आमी तिले गळ नाई टाकत." मग जाळ्यावरची नजर उचलून म्हणाली, "कोनाले सांगू नोका."

"नाही सांगणार."

सहा फोटो काढले. फोटोची एक प्रत देईन म्हणून बसच्या तिकिटाच्या मागे घरचा पत्ता लिहून दिला. तिने तो कमरेच्या बटव्यात ठेवला. "नागपूरले कोन येते जी," एवढं म्हणाली.

उरलेले सहा पुढच्या रविवारसाठी राखले. रोल संपल्याशिवाय धुता येत नाही, म्हणजे हाती पुरावा काही नाही. पुरावा असता तर बरं झालं असतं. कारण शिक्षकांच्या खोलीत मी मरळीचं वर्णन रंगवून केलं, आणि गणिताचे चिंचोळकर सर हसले.

"मासा पोरं सांभाळतो? तुमच्या कवितेतला असेल, मास्तर."

हे वाक्य मला लागलं. लागायला नको होतं. मी फळ्यावर खडूने नदी काढली, वळण काढलं, लव्हाळं काढलं. "जाऊन बघा," म्हणालो, "हात लावला तरी हलत नाही." फळ्यावरून पुसलं, पण ते तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी पाणी तेच होतं, लव्हाळं तेच. 'गप्' आला नाही. केशरी ढग फाटून चिंध्या झाला होता, आणि दोन बगळे निवांत वेचून खात होते. अनसूयाबाई दगड मारून त्यांना उडवत होती, ते परत येत होते.

"काल तुमच्या शाळंतला मास्तर आला होता. तुमचंच नाव सांगतलं. दोन्ही काढल्या त्यानं. दम नाई लागला त्याले, हलतच नाई न त्या." मग माझ्याकडे न बघता, "मी तुमाले काय म्हनलं होतं जी?"

बगळे पिल्लं उचलत होते, त्याचेच उरलेले सहा फोटो काढले. का, ते आजही सांगता येत नाही. बसमधून उतरलो तो थेट चिंचोळकरांच्या दारात. ते दात कोरत होते.

"खरं होतं हो तुमचं, जागचा हलत नाही. आणि चव म्हणाल तर, कविता खाल्ल्यासारखी."

मी आल्या पावली परत फिरलो. आयुष्यभर वर्गात बोललो आणि तिथे तोंड उघडलं नाही, त्याचा राग चिंचोळकरांवरच्या रागापेक्षा मोठा आहे. चिंचोळकर तर नुसते जेवले. पत्ता माझ्या खडूने दिला.

पुढे रोल धुतला. बारातला एकच नीट आला, केशरी ढग राखाडी, खाली काळी सावली. तो आजही माझ्या टेबलावर आहे. जागा विचारणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच्याकडे बघूनच 'नाही' लिहितो. तुम्ही तुमच्या गावचा ओढा शोधा, डबा करा, उभे राहा. सापडलं तर गप्प बसा.

पण त्या दुसऱ्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. दिवेलागणीला कडी वाजली. बायको आतून म्हणाली, "अहो, कोणी बाई आली आहे, गंज घेऊन."

दारात अनसूयाबाई. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने वाळलेले, हातात तिकिटाचा चिटोरा, काखेत गंज, म्हणजे जर्मनचं खोल पातेलं, त्यावर ओलं फडकं. तिने तो उंबऱ्यावर ठेवला आणि फडकं काढलं. आत नदीचं गढूळ पाणी, त्यात पंचवीसेक केशरी ठिपके.

"बगळ्यायपासून इतकेच वाचले," ती म्हणाली. "घ्या. आता तुमी राखा."