दोघींतली एकच आत
ऑफिसात कुणी संत्रं सोललं की मला पोलीस स्टेशनची ती वेटिंग रूम आठवते. आमची संस्था पोलिसांविरुद्धच्या तक्रारी लढवते. लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या एका मराठी बाईंच्या मुलाला पोलिसांनी भररस्त्यात अडवून जमिनीवर दाबून धरलं होतं, आणि पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं ते फुटेज त्या दिवशी बाईंना दाखवणार होते. सोबत एकाच माणसाला परवानगी होती. तक्रार मी लिहिलेली, फोनवर बाईंचं रडणं मी ऐकलेलं, आणि मराठीही माझंच धड, पुण्याचं. बरोबर आमची ज्युनियर होती, इथेच लंडनच्या पिनरमध्ये जन्मलेली, "माझा आई" म्हणणारी. बाईंनी दोघींच्या हातावर संत्र्याच्या फोडी ठेवल्या आणि तिला म्हणाल्या, "तू चल गं आत." मी उसनं हसत म्हटलं, "अहो, मी येते ना. तिला सगळं समजणार नाही." "म्हणूनच," त्या खाली बघत म्हणाल्या, "दाबून धरल्यावर तो मराठीत गयावया करत होता, त्यानंच सांगितलंय. तुम्हाला शब्द न् शब्द कळेल." दार लागलं. मी दोघींचे कोट मांडीवर घेऊन बसले. फोड आंबट निघाली. बाहेर आल्या तेव्हा बाईंचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. तक्रार आम्ही जिंकलो, पण थँक्यू कार्डावर पहिलं नाव तिचं होतं. हल्ली नव्या कुटुंबांशी बोलताना मीही मराठीत मुद्दाम अडखळून बघते. लोक शांतपणे माझी चूक सुधारतात आणि पुढे बोलू लागतात.