फळ्याची उजवी बाजू

उरणच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलो, तर ओळखीचा हमाल म्हणाला, "तुमचं वैद्य मास्तर गेलं ना... काल सांजला, शालंतून घरी जाताना." मी त्यांनाच भेटायला निघालो होतो. सात वर्षं मनात ठेवलेली एक चूक त्यांच्यासमोर कबूल करायची होती. महिना झाला, पण ते वाक्य अजून कानांत जसंच्या तसं आहे.

मिठागरावर राबणाऱ्या आमच्या घरात शिकलेला पहिला मी. मी शाळेत आलो नाही की मास्तर बांधावरून चालत बोलवायला यायचे. ते इतिहास शिकवत. फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढत. डावीकडे लोकांनी काय मागितलं ते, उजवीकडे ते मिळाल्यावर लोकांनी काय केलं ते. उजवी बाजू नेहमी दुसऱ्या दिवशी. तोवर फळा पुसायला सक्त मनाई. आपलं स्वातंत्र्य नवंनवं होतं तेव्हा त्यांनी हंगेरी शिकवली. व्हिएन्नाच्या बादशहाकडे स्वतःच्या भाषेत कारभार मागणारे लोक, अठराशे अठ्ठेचाळीसचं बंड, ते चिरडलं जाणं... आम्ही बाकं वाजवली. दुसऱ्या दिवशी उधाणाने आमचा बांध फुटला. मी दप्तर घेऊन निघालो, तर बाबा ओरडले, "हंगेरी कुटं पलून जात न्हाय. मीठ चाललंय पान्यान!"

छप्पन सालच्या नोव्हेंबरात मी नुकताच पदवीधर झालो होतो. वर्तमानपत्रांत बुडापेस्टच्या रस्त्यांवरचे रशियन रणगाडे होते आणि आमच्या बाजारपेठेत संयुक्त महाराष्ट्राची सभा. मी हंगेरीवर बोललो. टाळ्या थांबेनात. त्या भरात मी मागणी केली, की शाळेतला गुजराती वर्ग बंद करा. शेवटच्या रांगेत मास्तर उभे राहिले.

"हंगेरीच्या दुसऱ्या दिवशी तू वर्गात नव्हतास रे," ते म्हणाले. "पुढे वीसेक वर्षांनी राज्य हाती आल्यावर त्याच लोकांनी आपल्या राज्यातल्या स्लोव्हाक मुलांच्या शाळा बंद केल्या. आमच्याच भाषेत शिका म्हणाले. मुंबई आपल्याला मिळायलाच हवी, पण त्या वर्गातल्या जेठाभाईंच्या मुलींनी..."

"बसा खाली, शेटजींचे मास्तर!" कुणीतरी ओरडलं. सभा हसली. कर्ण्यासमोर उभा असलेला मीही हसलो.

जूनमध्ये वर्ग बंद झाला. किराणा दुकानवाल्या जेठाभाईंच्या दोन्ही मुली घरी बसल्या. पुढे मी ती दुसरी बाजू पुस्तकांत शोधून वाचली. मास्तरांचा शब्द न् शब्द खरा होता. वाटेत भेटले की ते एवढंच विचारत, "वाचन चालू आहे ना?" मी मान हलवायचो आणि सटकायचो...

धक्क्यावरून मी घरी न जाता शाळेतच गेलो. त्यांच्या वर्गात मुलं बसली होती. फळ्यावर उभी रेघ होती. डावीकडे मास्तरांचं गोल, सुबक अक्षर : हंगेरी. उजवीकडे काहीच नव्हतं.

"उरलेलं उद्या, म्हणाले होते," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "आम्ही पुसलं नाही."

मी खडू उचलला. उजवीकडे लिहिलं, स्लोव्हाक शाळा बंद. हात थांबला... मग त्याखाली लिहिलं, उरण, गुजराती वर्ग बंद.

"सर, हे पण पुस्तकात आहे?"

"नाही," मी म्हणालो. "हे मी केलं."