आईचं बोलणं आणि छोटं यंत्र

आईची वाचा गेली तेव्हा आम्ही नगरला, सावेडीच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. एकोणीसशे नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं असतील. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकाच सकाळी गेलं. पायात पुढं थोडा जीव आला, बोलणं काही आलं नाही. जामखेडच्या माळावरून दर हंगामाला श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जाणारी, टोळीतल्या भल्याभल्या गड्यांना शब्दानं गार करणारी ही बाई. आता चहात साखर कमी पडली तरी ती नुसती कपाकडं बघत बसायची. मला ते बघवायचं नाही, आणि बघवलं नाही की मी चिडतो. हा स्वभावही तिच्याकडूनच आलाय.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. आम्ही बोलायचो. पण मी कॉलेजात शिकवणारा, मी बोलणार तिथलं, बायको बोलणार भाजीचं नि दुधाचं. आई ऐकून घ्यायची आणि भिंतीकडं वळायची. एक दिवस बायको म्हणाली, "आत्याबाईंना त्यांचंच बोलणं ऐकवलं तर? फ्लॉपीत आहे की सगळं."

होतं खरं. लग्नानंतर बायकोनं पुण्यातल्या एका संस्थेसाठी ऊसतोडीच्या बायकांचं बोलणं टेपवर घेतलं होतं, आणि त्यात सगळ्यात लांबलेलं आईचं. कॅसेटी कमी, म्हणून एकीचं टाइप करून झालं की त्याच कॅसेटवर दुसरीचं. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं ते मराठी संस्थेच्या मोठ्या युनिक्स संगणकावर राहिलं, आणि त्या यंत्राची डिस्क बसली. उरली एक फ्लॉपी. तिच्यात मावावा म्हणून सगळा मजकूर दाबून, आवळून भरलेला. तो पुन्हा जशाचा तसा उलगडायला एक खास प्रोग्राम लागायचा.

माझ्या कॉलेजात एक जुना पीसी होता. त्यावर मी युनिक्सच्या वळणाची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती, शिकणाऱ्यांसाठीच बनवलेली. तो प्रोग्राम तिच्यावर नव्हता. "अहो, पुण्याला नेऊन उघडून आणा की," बायको म्हणाली. पण आईला उठवायला, कूस बदलायला दोन माणसं लागत, म्हणून मला जाता येत नव्हतं. एकुलती एक फ्लॉपी पोस्टाच्या हवाली करायला बायकोचा जीव होत नव्हता. आणि आईचं बोलणं मला परक्या माणसाकडून सोडवून घ्यायचं नव्हतं, हेही तितकंच खरं.

प्रोग्रामचा सी भाषेतला सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, एका मित्रानं पाठवला. मला वाटलं, आपल्या यंत्राला कळेल असा बदलून, कंपाइल करून घेतला की झालं. कंपाइल झालाही. चालवला, तर मेमरी पुरत नाही असं सांगून मोकळा. उलगडताना अक्षरांचे जे जे तुकडे भेटतील त्यांचं एक भलंमोठं कोष्टक तो मेमरीत मांडत जायचा, आणि आमची छोटी सिस्टिम त्याला कशीबशी चौसष्ट केबी जागा द्यायची. मग मी कोष्टक लहान केलं. आता तो माझ्या स्वतःच्या फायली छान दाबायचा, छान उलगडायचा. मी खुशीत बायकोची फ्लॉपी घातली, तर येरे माझ्या मागल्या. मोठ्या कोष्टकानं आवळलेलं लहान कोष्टकानं सुटत नाही, हे मी आनंदाच्या भरात सोयीस्कर विसरलो होतो.

त्या दिवसांत मी घरी कुणाशी धड बोलत नव्हतो. "एकीची वाचा गेली तेवढी पुरे आहे," बायको म्हणाली. मी सायकल काढली आणि कॉलेजात गेलो.

शेवटी सुचलं ते अगदी साधं होतं. कोष्टक मेमरीत मावत नाही, तर ते डिस्कवर ठेवायचं आणि लागेल ती ओळ तिथून आणायची. म्हणजे दर घोटाला विहिरीवर जायचं. आधीच यंत्र म्हातारं, त्यात विजेचा लपंडाव. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दोनदा निम्म्यात वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

एका रविवारी वीज टिकली. डिस्कचा दिवा सकाळपासून लुकलुकत होता. दुपारी कधीतरी पडद्यावर आईची पहिली ओळ आली: "आगं, माझं काय ईचारती? माज्यात काय हाय सांगन्यासारकं?" मी रिकाम्या लॅबमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो आणि मग रडलो. किती महिन्यांनी ती बोलली होती.

आणि मग यंत्र थांबलं. फ्लॉपी एका जागी खराब झाली होती, तिथलं वाचताच येत नव्हतं. ह्या तऱ्हेच्या बांधणीत पुढची प्रत्येक गाठ आधीच्या गाठींच्या भरवशावर सुटते. मधली एक गेली की पुढचं सगळं गेलं. मी फ्लॉपी पुसली, झटकली, तिला शिव्या दिल्या. काही उपयोग झाला नाही. पदरी पडलं ते पवित्र मानून छापून घेतलं आणि सायकलवर घरी आलो.

बायकोनं आईला उशांशी टेकवून बसवलं आणि वाचायला घेतलं. आई आधी लाजली. मग मुकादमाच्या फजितीचा भाग आला तशी तिचं अंग हसण्यानं हलायला लागलं. इतक्या दिवसांत तिला हसताना बघितलं नव्हतं. मला त्या क्षणी बायकोविषयी इतकी माया वाटली की काय सांगू.

शेवटच्या कागदावर, एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला, मी अगदी लहान असताना, हंगामाला निघताना बैलगाडी कशी भरायचे ते होतं. बायको आईच्याच सुरात वाचत होती. "समद्यात खाली दळायचं जातं. त्याच्या अंगाला बाजरीचं पोतं, म्हंजी गाडी हिसडत न्हाई. भांड्यात भांडं, बारक्या भांड्यात मीठ-मिरची. त्यावर कडबा. कडब्यावर वाकळ, चांगली जाड घडी. आन् मंग समदं झालं का शेवटाला, त्या वाकळंवर..."

बायको थांबली. "इथंच तुटलंय," मी म्हणालो.

पुढचं तिला ठाऊक असणार. तिनंच ऐकलेलं, तिनंच टाइप केलेलं. ती सांगायला लागली, पण आईनं डावा हात वर करून तिला गप्प केलं. मग त्याच हातानं माझा सदरा धरून ओढला. मला वाटलं, पाणी हवं असेल. पण ती ओढतच राहिली, मी पलंगाला टेकून खाली बसेपर्यंत आणि माझं डोकं तिच्या मांडीवरल्या वाकळेवर येईपर्यंत. मग एका हातानं, धडपडत, तिनं वाकळेचा पदर माझ्या अंगावर घेतला आणि कडेनं घट्ट खोचला, गाडीतून पडू नये असा.

मग तिनं बायकोकडं बघितलं, सांगायचं ते सांगून झाल्यासारखं. मी बराच वेळ उठलो नाही.