कलपाचे हातमोजे

गल्लीत त्याला सगळे मखमल म्हणत. नाव हातांवरून पडलं होतं. दाढी झाली की तो गालावर तुरटी फिरवायचा, पाणी मारायचा आणि मग दोन्ही तळवे गिऱ्हाइकाच्या तोंडावरून असे काही फिरवायचा, की घरून भांडून आलेला माणूसही जाताना सगळ्यांची खुशाली विचारायचा. छत्तीस वर्षं हेच काम. "हाताला आवडनिवड नसते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गळवं, देवीचे व्रण, घामट माना, सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. याचा त्याला गर्वच होता म्हणा ना.

समोरच्या फुटपाथवर कुलूपवाल्यांची टपरी. किल्ल्या घासून देणारा शांत माणूस, वीस वर्षांपासूनचा शेजारी, आणि दर सोमवारचं पहिलं गिऱ्हाईक; मखमलची सुट्टी मंगळवारी असे. यंदा त्यांच्या डाव्या कानापासून जबड्यापर्यंत लाल चट्टा उठला आणि त्यावरून पांढरे पापुद्रे सुटू लागले. सोरायसिस. त्या सोमवारी ते खिशात डॉक्टरची चिठ्ठी घेऊनच आले.

"हे लागण होणारं नाही, दादा. वाचून बघा."

"अहो, चिठ्ठी कसली दाखवता! मला काय परका समजता?" मखमल अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला. चिठ्ठी न वाचताच परत दिली, आणि बाकावर बसलेल्या दोघांकडे ऐटीत पाहूनही घेतलं.

मग त्याने साबण लावला, कातडी ताणायला अंगठा टेकवला, आणि एक ओला पापुद्रा अंगठ्याला चिकटला. हात झटकन मागे आला, चटका बसल्यासारखा. खांद्यावर टॉवेल असताना अंगठा त्याने पँटला पुसला. हे इतक्या पटकन झालं की त्याचं त्यालाही नंतरच कळलं. पण सलूनमध्ये लपवायला जागा कुठे असते? समोर आरसा, मागे आरसा. कुलूपवाल्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण हात काही पुढे जाईना. तेव्हा त्याने खण उघडला, कलप लावायचे डागाळलेले हातमोजे काढले आणि ते चढवून उरलेली दाढी केली. बाकावरच्या दोघांनी वर्तमानपत्रात तोंडं खुपसली. कुलूपवाले उठले, "छान झाली" म्हणाले आणि गेले.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. टपरीत मात्र रोज दिसायचे, आणि त्यांची पांढरी दाढी रोज थोडी वाढलेली दिसायची. बोलणं त्यांनी सोडलं नव्हतं. लांबून हात वर करायचे. मखमलला ते जास्तच झोंबायचं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर तो सुटला असता.

मखमलची मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. रविवारी ती घरी आली. बाप जेवता जेवता स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसतो, हे तिने हेरलं आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"बाबा, यात तुमचा दोष नाही," ती म्हणाली. "फार फार पूर्वी, औषधं नव्हती तेव्हा, चिघळलेली कातडी बघून जे मागे सरले ते जगले. ज्यांना काही वाटलं नाही, त्यांतले कितीतरी जण रोग लागून गेले. आपण त्या मागे सरणाऱ्यांची पोरंबाळं. ही किळस जन्मापासून आपल्यात बसलेली असते. तिला चिठ्ठी वाचता येत नाही."

"पण हे लागणारं नव्हतं ना?"

"दारावरचं कुत्रं पोस्टमनवरही भुंकतंच ना? दहा वेळा उगाच भुंकलेलं परवडलं, पण एकदा चोर सुटायला नको."

मखमलला ते पटलं, आणि पटल्यावर अधिकच वाईट वाटलं. "कुत्र्याचं ठीक आहे गं," तो म्हणाला. "हात मागे आला तो पूर्वजांमुळे, असेल बाबा. पण मोजे मी शोधले. कुठल्या खणात आहेत ते मला बरोबर आठवलं."



दुसऱ्या दिवशी सकाळी मखमलने दुकान उघडलंच नाही. सामानाची पिशवी घेऊन तो कुलूपवाल्यांच्या घरी गेला. वहिनींनी दार उघडलं. कुलूपवाले बेसिनपाशी उभे होते. उजवा गाल साफ, डाव्या गालावर साबण कधीचा वाळून गेलेला, आणि हातात वस्तरा.

मखमलने रात्रभर वाक्यं पाठ केली होती. "चुकलो मी," एवढंच आलं. "त्या मोज्यांची फार लाज वाटते."

"तुमचा हात एकदा मागे आला, दादा," कुलूपवाले म्हणाले. आवाजात राग नव्हता. "माझा रोज येतो. पंधरा मिनिटं झाली इथे उभा आहे, या बाजूला हात लावायचा धीर होत नाही. स्वतःचाच गाल, तरी शिसारी येते. म्हणून तर चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आलो होतो. म्हटलं, निदान एक हात तरी मागे न येणारा असेल."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मखमलला झालं. त्याने स्टूल ओढलं आणि साबण पुन्हा फेसवला.

"मी डोळे मिटून बसतो," कुलूपवाले म्हणाले. "म्हणजे तुम्हाला अवघडायला नको."

या वेळी हात अडखळला नाही, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण अंगठा चट्ट्यापाशी आला आणि थबकला, अगदी तसाच. मग मखमलने तो टेकवला आणि टेकवलेलाच ठेवला. पापुद्रे चिकटत राहिले. वस्तरा मात्र त्याने मध्येच कुठे थांबू दिला नाही. कधीतरी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता; एक थेंब कुलूपवाल्यांच्या कपाळावर पडला.

"झाली," तो शेवटी म्हणाला.

कुलूपवाल्यांनी डोळे लगेच उघडले नाहीत. मखमलला तोंड पुसायला वेळ मिळावा, म्हणून ते थांबले होते.