कंदिलाचं पृष्ठफळ
खळीचा वास आला की बदलापूरच्या आमच्या गॅलरीतली ती दिवाळी आठवते. लहानपणीच शाळा सुटलेली आई त्या वर्षी माझ्याबरोबर दहावीला बसली होती, आणि प्रिझमचं पृष्ठफळ काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. "मला नाही जमायचं हे," म्हणत ती पुस्तक मिटून षटकोनी कंदिलाला कागद गुंडाळायला बसली आणि मध्येच थांबली. "अगं, सहाही बाजू उलगडल्या की एकच लांब पट्टी! घेर गुणिले उंची, आणि वर-खाली दोन षटकोन!" चिकट हातांनीच तिने मला मिठी मारली. बोर्डाच्या परीक्षेत गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. आता बिल्डिंगमधली मुलं तिच्याकडे शिकायला येतात, आणि त्यांच्यासाठी सरबत मी करते.